मैदानाकडे पाठ केलेले आहेर सर

"तुम्हाला काय वाटतं, बॉल सारखा कुठे अडकतोय?" मी मुलांना विचारलं.

देवळ्याच्या एका शाळेच्या मैदानावर चौदा वर्षांखालची मुलं माझ्यासमोर घामाघूम उभी होती. मी थांबले. प्रश्न विचारला की थांबायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण मुलं माझ्याकडे बघतच नव्हती. सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती. मागे लिंबाच्या सावलीत त्यांचे आहेर सर हाताची घडी घालून उभे होते, आणि शेजारी जिल्ह्याभरातून कोर्सला आलेले पी.टी.चे शिक्षक बसले होते.

"मॅडम, उत्तर तुम्हाला ठाऊक असंल तर सांगून टाका ना," त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं. "ऊन लय हाय."

सगळे हसले. मुलंही हसली. मी उत्तर सांगितलं नाही. पण त्या क्षणी सांगून टाकावंसं फार वाटलं.

मी फुटबॉलच्या कोचेसना शिकवायचे. म्हणजे मुलांना जे शिकवतात, त्यांना. आपल्याकडे सराव म्हणजे आधी मैदानाला फेऱ्या, मग रांग. एक बॉल आणि वीस मुलं. नंबर आला की एक किक मारायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं. मॅच सुरू झाली की सर लाईनवरून ओरडणार, पास दे, मार, मागे ये. पाय मुलाचे, डोकं सरांचं. मी सांगत होते ते नेमकं उलट होतं. त्याला प्लेयर-सेंटर्ड कोचिंग म्हणतात. नाव जड असलं तरी गोष्ट साधी आहे. छोटं मैदान आखायचं, चार विरुद्ध चार खेळवायचं, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. कोचने खेळाला एखादी अट घालायची आणि गप्प राहायचं. मध्येच 'फ्रीझ' म्हणायचं, की सगळे जागच्या जागी थांबतात. मग विचारायचं, आता तुला काय दिसतंय? उत्तर मुलाने शोधायचं.

बाहेरच्या राज्यात जाऊन मी हे शिकून आले होते. नाशकात परतले तेव्हा वाटलं होतं, लोक हे ऐकायला धावत येतील. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, सगळीकडे नवं नवं चाललं होतं. जिल्ह्याच्या संघटनेने मला तालुक्यांतून कोर्स घ्यायला सांगितले. येवल्याला लोक जांभया देत बसले. देवळ्याला निदान हसले तरी.

संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या बूथवरून संघटनेच्या सचिवसाहेबांना फोन केला.

"मॅडम, तक्रारी आल्यात," ते म्हणाले. "लोक म्हणतात, बाई काही शिकवतच नाहीत. नुसतं उभं राहून बघतात."

"साहेब, बघणं हाच निम्मा कोर्स आहे."

"ते मला सांगू नका. समारोपाला मालेगावची टीम बोलावलीय. आहेर सरांची पोरं खेळतील, शाळेचे अध्यक्ष येणारेत. मॅच नीट झाली पाहिजे. नाहीतर पुढचे कोर्स आपल्या जुन्या पद्धतीनं."

फोन ठेवला. बूथवाल्याने विचारलं, "अजून लावायचा का ताई?" मी हो म्हटलं आणि घरचा नंबर फिरवला. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरी फोन उचलायला कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं. थोडा वेळ रिंग ऐकली आणि ठेवून दिला.

त्या संध्याकाळी सगळे शिक्षक आहेर सरांकडे जेवायला गेले. कोर्समध्ये मी एकटीच बाई. मला कोणी मुद्दाम टाळलं असं नाही. मॅडमना कसं बोलवायचं, हे बहुतेक कोणाला ठरवता आलं नाही. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात मी खिचडी खाल्ली. खानसाम्याने विचारलं, "तुमचे साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब मीच आहे. तो ओशाळला आणि मला जास्तीचा पापड आणून दिला.

सकाळी आहेर सर माझ्या आधीच मैदानावर हजर होते. पन्नाशीचे, काटक, आवाज असा की वेशीपर्यंत जावा. त्यांची टीम तालुक्यात कधी हरत नसे.

"मॅडम, काल माझी पोरं गप ऱ्हायली म्हणून तुमाला राग आला असंल," ते म्हणाले. "पण ती येडी न्हाईत. त्यांना शिस्त हाय."

"मला राग नाही आला. सर, एक कराल? आता पोरं खेळतील. तुम्ही मैदानाकडे पाठ करून उभे राहा. बोलायचं नाही. फक्त ऐका."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी काय शिक्षा झालेलं पोरगं हाय का?"

बाकीचे शिक्षक पुढे सरकले. "व्हा ना सर, बघू तर काय होतं!" एकाने चिथावलं. तेवढ्यावर आहेर सर वळले आणि शाळेमागच्या कांद्याच्या चाळीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मला मैदान दिसत होतं, त्यांना नाही.

पहिली काही मिनिटं वाईट गेली. मुलं बॉल पायाशी घ्यायची आणि सरांच्या पाठीकडे बघायची. दोन मुलं एकमेकांवर आदळली. सरांची मान वळायला लागली. मी हळूच म्हटलं, "ऐका."

मग एक आवाज आला. "माग हाय! माग बघ!"

"कोण बोललं?" सरांनी विचारलं.

"तो उंच. निळ्या बनियनचा."

"महेश? महेश बोलतो?"

महेश बोलत होता. डावीकडच्याला लाईनला थांब म्हणत होता. मग डावीकडचाही ओरडू लागला. मग गोलकीपर. पाच-दहा मिनिटांत मैदानावर बाजार भरल्यासारखा गलका झाला. खेळ सुंदर होता असं नाही. पण बॉल मोकळ्या जागेत जाऊ लागला होता आणि तो तिकडे कोणी सांगून जात नव्हता. सर प्रत्येक आवाजाला मला विचारत होते, हा कोण, हा कोण. तीन वर्षं ही मुलं त्यांच्या हाताखाली होती. नजर मैदानावर नसताना त्यांना एकही आवाज ओळखता येत नव्हता.

तेवढ्यात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "सर बघत न्हाईत, खेळ बिनधास!" आणि सगळी मुलं खदखदून हसली.

आहेर सर चाळीच्या बाजूला चालत गेले.

मी खेळ चालू ठेवून त्यांच्यामागे गेले. ते चाळीच्या सावलीत दगडावर बसले होते.

"रविवारी बी मैदानावर असतो मी," ते म्हणाले. "बायको म्हणती, खाट तिकडंच टाका. आन् पोरांना मी नकोच हाय."

"तसं नाही, सर. त्यांना तुमची भीती नकोय."

"येकच हाय ते." "समजा, बोलणं सोडलं मी. मग मैदानावर करायचं काय? उगा उभं ऱ्हायाचं?"

"उभं राहायचं. बघायचं. कोण थकलंय, कोण घाबरलंय, कोणाला काय सुचतंय ते बघायचं. योग्य वेळी एक प्रश्न विचारायचा."

"लय येकटं वाटत असंल."

"वाटतं," मी म्हटलं.

कोर्सच्या कोणत्याही पानावर हे लिहिलेलं नव्हतं. मलाही आजवर कोणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मैदानावर मुलं भांडत होती, थ्रो कोणाचा म्हणून. भांडण त्यांचं त्यांनीच मिटवलं.

समारोपाला मांडव घातला होता. अध्यक्ष आले, सचिवसाहेब आले, पालक आले. मालेगावची मुलं चपळ होती. हाफ टाइमला देवळा दोन गोलांनी मागे. आहेर सर लाईनवर तोंड मिटून उभे होते, जबडा घट्ट. अध्यक्ष मांडवातून ओरडले, "अहो आहेर, घसा बसला का तुमचा?" लोक हसले. सचिवसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं सगळं कळलं.

मुलं सरांभोवती गोळा झाली. मी थोडी मागे होते. सरांनी विचारलं, "काय करायचं?"

सर थांबले. मला उत्तर दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

"सर," महेश पायाकडे बघत म्हणाला, "मी माग खेळतो. सोन्याला पुढं जाऊ द्या. त्यो पळतो, पण माग ठेवल्यावर त्याला पळायलाच भेटत न्हाई."

सोन्याला बचावात सरांनीच ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून.

"करा तसं," सर म्हणाले.

सोन्याने एक गोल केला. दुसरा बारला लागून परत आला. देवळा एका गोलाने हरलं. मुलं मैदानाबाहेर आली ती बडबडतच, हा चुकला, तो चुकला, पुढच्या वेळी असं करू. अध्यक्ष भाषण न करताच निघून गेले.

माझे कोर्स तिथेच थांबले. पुढच्या वर्षी फेऱ्या आणि रांगा परत आल्या. मी कॉलेजातली नोकरी करत राहिले आणि सुट्टीत कोणी बोलावलं तर जात राहिले. फारसं कोणी बोलावलं नाही. आहेर सरांची टीम त्या मोसमात लवकरच बाहेर पडली. शाळेने टीम त्यांच्याकडून काढून घेतली आणि नव्या सरांना पहिली फेरीही जिंकता येईना तेव्हा वर्षभराने परत दिली.

नंतर एकदा नाशिकच्या स्टेडियममध्ये आंतरशालेय मॅच बघायला गेले होते. एक टीम मैदानभर एकमेकांना हाका मारत खेळत होती. लाईनवर आहेर सर होते. केस पांढरे झालेले, तोंड मिटलेलं. अवतीभोवती कोणी नव्हतं. त्यांनी मला पायऱ्यांवर पाहिलं आणि हात वर केला. मीही केला. खाली गेले नाही. ते कामात होते.

ती मॅच त्यांनी जिंकली. सगळे मुलांचं अभिनंदन करायला धावले. सरांकडे कोणी गेलं नाही.

नव्या कोचेसना मी आता फार काही सांगत नाही. टोपी घाला, पाणी ठेवा आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसायची सवय घरूनच करून या. तुमचं काम जितकं चांगलं होईल, तितकं तुमच्याशी कमी लोक बोलतील.