मागच्या उन्हाची द्राक्षं

बाबा श्रावणात गेले आणि ऑक्टोबरात काकांनी पुढे होऊन आमच्या द्राक्षबागेची छाटणी करून घेतली. त्या छाटणीनंतर वेलीवर पान म्हणून राहत नाही, नुसत्या तपकिरी काड्या. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, असं मी शहरात इंदिरानगरच्या शाळेत मुलांना शिकवते. मग स्वयंपाकघरच नसताना नवे कोंब कशाच्या जिवावर फुटतात? काडीत आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. कोंबातून घड निघणार की आधाराला गुंडाळणारा नुसता ताणा, हेही एप्रिल-मेच्या उन्हातच ठरून गेलेलं असतं. त्या उन्हात प्रत्येक काडीला उजेड मिळावा म्हणून बाबा दाटीतले फुटवे काढत ओळीओळीनं फिरले होते.

घड निघाले, भरपूर निघाले. आई कोंब निरखायची आणि म्हणायची, "हे त्यांच्या हातचं ऊन हाय." मला राग यायचा. गेलेलं माणूस गेलं, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. पण फेब्रुवारीत पहिला मणी तोंडात टाकला आणि मीच रडले.

माल निघाला, एप्रिल आला. एप्रिलची खरड छाटणी निर्दय असते. घड दिलेल्या सगळ्या काड्या बुडाशी एखादा डोळा ठेवून कापायच्या, त्या डोळ्यातून नवी काडी वाढवायची. उशीर झाला की नव्या काडीला कडक ऊन पुरत नाही, तोवर आभाळ भरून येतं आणि पुढच्या साली घड जिरतो, त्याच्या जागी ताणाच निघतो. आमच्याकडे या छाटणीची पहिली काडी मालकानं कापायची, त्याशिवाय मजुरांची टोळी कात्रीला हात लावत नाही. आता मालकीण आई होती. पेठकडून आलेली टोळी बांधावर बसून राहायची आणि आई रोज म्हणायची, उद्या बघू. शेवटी काका म्हणाले, हिच्याच्यानं व्हायचं नाही, बाग काढून टाकू.

मी रजा टाकून गावी गेले ती चिडूनच. "अगं आई, जुन्या काड्या ठेवून बाबा परत येणार आहेत का?" बोलून गेले आणि जीभ चावली.

"येणार नाय. कळतं मला," ती शांतपणे म्हणाली. "पण या काड्या त्यांच्यादेखत वाढल्या. यांना कापलं, मग बागेत त्यांचं काय ऱ्हायलं?"

मी तिला काडीच्या बुडाचा डोळा दाखवला, "हा राहील ना, हाही त्यांच्यादेखतचाच." बाग गेली तर आईही फार दिवस उभी राहायची नाही, ही भीती मनात होती, ती मात्र मी तिला बोलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कात्रीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिल्या वेलीची एक काडी बुडाच्या डोळ्यापर्यंत चाचपत आली. मग कापली. ती काडी उराशी धरून ती मोठ्यानं रडली, टोळीतल्या बायाही डोळे पुसू लागल्या. मी कात्री घ्यायला पुढे झाले, पण तिनं दिली नाही. दुसरी काडी कापली, तिसरी कापली. अख्खी वेल मोकळी केली. उघड्या खोडावर ऊन थेट येऊन पडलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टोळीकडे वळून ओरडली, "बसून काय ऱ्हायले? आवरा, ऊन वाया चाल्लंय!"