दुबई ते अबुधाबी, एक सीट

१९६३ सालचा फेब्रुवारी, शुक्रवारची सकाळ. दुबईहून अबुधाबीपर्यंत एका सीटचे पंचवीस रुपये ठरले. ठरवताना आम्ही तिघे होतो: मी, लँडरोव्हरचा ड्रायव्हर आणि आमच्या गावच्या जमातीतले एक वडीलधारे दुकानदार. दिरहम तेव्हा नव्हता, तिकडेही रुपयाच चालायचा.

दुकानदार मला म्हणाले, "चिठ्ठी पाठवू नकोस. तोंडानं सांग, आणि शेजारी बसून सांग."

आई गेल्याचं रत्नागिरीचं पत्र मला त्याच आठवड्यात मिळालं होतं. धाकटा भाऊ अबुधाबीला तेलाच्या कामावर होता. त्या शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, त्याची लाँच समुद्रातल्या तेलाच्या बेटावर निघायची होती, आणि तिथून तो तीन महिने परतणार नव्हता. आमच्याकडे मौतीची खबर रक्ताच्या माणसानं जाऊन द्यायची असते. मी येतोय एवढाच निरोप एका लॉरीवाल्याबरोबर पुढे धाडला होता. का येतोय, ते कळवलं नव्हतं.

ड्रायव्हर श्रीवर्धनकडचा, पूर्वी मचव्यावर तांडेल होता. जबल अली आलं तेव्हा मी विचारलं, "जबल म्हणजे डोंगर ना? कुठाय?"

"हा काय समोर. हळू बोला भाई, इथल्या लोकांना राग येईल. आमच्या घरामागची शेणाची रास याच्याहून उंच आहे."

तो हसला. मलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

रस्ता असा नव्हताच. खुणेसाठी अंतराअंतरावर रिकामी पिंपं ठेवलेली. एका मोडक्या लॉरीच्या केबिनमध्ये शेळ्या राहत होत्या, आणि एकीची दोरी स्टिअरिंगला बांधलेली होती. आसपास माणूस दिसला नाही. पुढे वाळूत मोटारीचं नुसतं एक दार उभं पुरलेलं, आणि त्याच्या सावलीत वाटसरूंसाठी पाण्याची मशक. असलं काही पाहिलं की मी आईला पत्रात लिहायचो आणि शेजारची मुलगी ते तिला वाचून दाखवायची. दार मागे पडेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होतो. मग थांबलो.

दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. पिंपांजवळच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं. बाजूला मात्र पांढरी, कोरडी, सपाट जमीन लांबवर पसरली होती.

"हे आपलं खाजणच," ड्रायव्हर म्हणाला. "मीठ फुटलंय म्हणजे खालचा चिखल वाळला. इकडून काढतो."

आमच्या खाडीकाठी असंच असतं, म्हणून मलाही ते बरोबर वाटलं. शंभर पावलं गेलो असू, तोच मिठाचा पापुद्रा फुटला आणि गाडी मागच्या आसापर्यंत आत गेली. खालचा चिखल पेजेसारखा होता.

फळ्या घातल्या, चटया घातल्या, माझी सतरंजीही गेली. जुम्याचा नमाज तिथेच चुकला. शेवटी वाळवंटातला एक बदू अरब दोन उंट घेऊन आला. त्यानं आधी आमच्याकडे, मग त्या पांढऱ्या जमिनीकडे पाहिलं आणि दोर बांधला. गाडी निघाली तेव्हा आमच्या सावल्या लांब झाल्या होत्या. त्याला पैसे देऊ केले, तर त्यानं हातानं नको म्हटलं.

अबुधाबीच्या वेशीवरची मकत्याची चौकी ओलांडून किनाऱ्यावर पोचलो तोवर लाँच गेलेली होती.

धक्क्याजवळ एका बलुच्याचं चहाचं खोपट होतं. तिथे भावाचा खोलीतला सोबती भेटला. तो आमच्याच तालुक्यातला, बेटावरच्या खानावळीत स्वयंपाकी. त्याची बोट सकाळी होती, पण कंपनीच्या माणसांखेरीज कुणाला तिच्यावर घेत नसत.

"फार वाट पाहिली तुमची," तो म्हणाला. "दुपारभर सांगत होता, भाई माझं लग्न ठरवून येतोय, म्हणून तोंडी सांगायला स्वतः निघालाय. मी म्हटलं, तुला कोण मुलगी देणार? तर म्हणतो, आईनं शोधली असेल."

मी बाकावर बसलो. त्याला म्हटलं, "आई गेली."

हे शब्द तोवर मी मोठ्यानं कुणापाशी उच्चारले नव्हते. दुकानदारांना पत्रच वाचायला दिलं होतं. स्वयंपाक्यानं मौतीची दुआ पुटपुटली आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिला. त्याचं नावही मला तोवर माहीत नव्हतं. भावाच्या शेजारी बसायला मी निघालो होतो.

मग त्यानं विचारलं, "मी सांगू त्याला?"

तीन महिने त्या बिचाऱ्यानं लग्नाच्या विचारात काढायचे, हे मला बरं वाटेना. "सांगा," मी म्हटलं. "पण आधी जेवू घाला. आणि उभ्या उभ्या सांगू नका."

ड्रायव्हर गाडीपाशी खाली मान घालून उभा होता. भाडं घ्यायला तयार नव्हता. मी पंचवीसच्या पंचवीस त्याच्या खिशात घातले. आम्ही निघालो, तसा चहावाला बलुची मागून म्हणाला, "सेठ, आपका भाई चार चाय पिया. लाँच का भोंगा बजा, तो भागा. पैसा रह गया."

चार चहांचा एक रुपया झाला. तो बलुच्याला दिला.