भाऊजींचा रुसवा आणि बर्फाचा खडा

आमच्या भाऊजींइतकं मन लावून रुसणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आष्टीला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी अगदी गोड, पण लग्नाच्या मांडवात पाऊल टाकलं की अंगात काय शिरायचं कोण जाणे! नव्वद सालानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडच्या एकाही लग्नात ते पंगतीत शेवटपर्यंत बसले नाहीत. पत्रिकेत नाव खाली छापलं, वाढप्यानं बुंदी वाढताना त्यांना ओलांडलं, कारण कुठलंही चालायचं. ताट सारून ते मांडवाच्या दारात जाऊन उभे राहायचे. मग जावयाची समजूत काढायला आम्ही सासरची मंडळी उष्ट्या हातांनी मागोमाग. "मले काई नाई झालं. तुमी जेवा, आमी राहू उपाशी," असं ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या हळू सांगायचे. तोवर आमचं वरण गार.

शेवटी ताईच विटली. अशाच एका लग्नातून ती पिशवी घेऊन थेट पवनारला माझ्या घरी आली. "आता पुढच्या लग्नात उठले, तर आष्टीले मी काई येत नाई," असं त्यांना बजावून आली. आणि पुढचं लग्न माझ्याच मुलीचं होतं.

भाऊजी घाबरले. कुणीतरी सांगितलं म्हणून सावंगीला एका समुपदेशक बाईंकडे गेले. बाईंनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी सुचवली. राग चटकन, जोरात येतो आणि उतरता उतरत नाही, अशा माणसाला ती उपयोगी पडते, पण नुसतं ऐकून भागत नाही, रोज सराव करावा लागतो, तो जमेल का, असं त्यांनी आधीच विचारलं. आला राग नाकारायचा नाही, पण त्याच्या तालावर नाचायचंही नाही. फारच भडकलं तर हातात बर्फ धरायचा. भाऊजींनी हे सगळं इतकं मनावर घेतलं, की पूर्वीचा रुसवा परवडला म्हणायची पाळी आली. दर रविवारी ताईला भेटायला ते पवनारला यायचे. ती बाहेर यायची नाही, म्हणून सराव माझ्यावर चालायचा. माझ्या फ्रिजमधला बर्फ मुठीत धरून माझ्याच दिवाणावर पाणी गाळायचे आणि वर मला सांगायचे, "हे तुमाले नाई जमनार, भाऊ. तुमाले राग येतच नाई, तुमी निसते कुढता." त्या वेळी मला आलेला राग कुठल्या थेरपीत बसला असता, देव जाणे.

लग्नाचा दिवस उजाडला. पंगत बसली, मानाचे दुपट्टे द्यायची वेळ आली आणि आमच्या काकांनी, चष्मा घरी विसरल्यामुळे, भाऊजींचा दुपट्टा फोटोग्राफरच्या गळ्यात घातला. पंगतीत भाऊजींचा चेहरा लाल झाला, हात शेजारच्या, बर्फ टाकलेल्या पाण्याच्या पिंपात गेला आणि बर्फाचा खडा घेऊन बाहेर आला. आम्ही सवयीप्रमाणे उठून मांडवाच्या दाराकडे धावलो. दारात कुणीच नव्हतं.

भाऊजी ताटावरच होते. काका हात जोडून विनवू लागले, "जवाईबुवा, उठू नका!"

"मले राग आला हाये, हे खरं," मूठ आवळून भाऊजी म्हणाले. "तुमाले दिसलं नाई, हेबी खरं. अन् बुंदी चांगली झाली, हेबी खरं. मी बसून राह्यलो, तुमी काऊन उभे?"

काकांचा विश्वास बसेना. एवढं शांत म्हणजे या खेपेला फारच मनाला लागलं, असं समजून ते आणखीच विनवत राहिले. शेवटी ताई उठली. तिनं भाऊजींची मूठ उघडली, गारठलेला हात पदरानं पुसला आणि शेजारच्या पाटावर बसली. संध्याकाळी तिची पिशवी भाऊजींच्या स्कूटरला लागली.

भाऊजींना जाऊन आता काही वर्षं झाली. आमच्याकडच्या लग्नांत वरण गरम मिळतं. तरी पान वाढलं, की मी आधी मांडवाच्या दारात जाऊन येतो. तिथं बहुतेक वेळा ताई उभी असते.