लाल अक्षरांतले दलालकाका

कापूस वेचून झाला की आमचा तांडा अर्धा रिकामा व्हायचा. बा आणि याडी, म्हणजे आई, ऊसतोडीला जायचे आणि मी वसतिगृहात राहायची. याडी परत यायची तेव्हा तिचे हात उसाच्या पाचटानं कापलेले असायचे. त्या हातांवर मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. तांड्यातली पहिली पदवी माझी, हे मी आजही मोठ्यानं सांगते.

नोकरी लागली दिग्रसला, रुईच्या गाठी घेणाऱ्या एका पेढीत. तिथला मेल सर्व्हर माझ्याकडे. सकाळी पहिलं काम हेच, की फिल्टरनं स्पॅम म्हणून अडवलेल्या मेल बघायच्या, कामाच्या असतील त्या ज्याच्या त्याला सोडायच्या, बाकी पुसायच्या. लॉटरी लागली, खातं बंद पडणार, टकलावर केस उगवतील. आणि या सगळ्यांच्या मधोमध रोज आमचे दलालकाका, गाठींचे भाव मेलनं पाठवणारे.

फोन ठरलेला. "माही मेल अडकली वं बेटा. सोड लवकर, शेठ अकराले सौदे बंद करते."

खरंच होतं ते. अकरानंतर आलेला भाव शेठ, म्हणजे पेढीचे मालक, वाचतच नसत, आणि काकांचं घर दलालीवर चालायचं.

पण फिल्टरचा तरी काय दोष? तुम्हीच बघा, काका लिहायचे कसं. मोठ्या लाल अक्षरांत, "आजच घ्या!!! असा माल पुन्हा नाही!!!"

मी म्हटलं, "काका, साधं लिहा ना. मशीनला तुम्ही लॉटरीवाले वाटता."

"साधं लिहिलं तर शेठले वाटन माल पडून हाये. ओरडल्याबिगर कापूस विकते का कुठी? तू मले त्या भरवशाच्या यादीत टाक."

यादीतल्या पत्त्याची मेल फिल्टर अडवत नाही. पण एकदा काकांच्या खात्यात कोणीतरी शिरून अख्ख्या पेढीला घाणेरड्या मेल पाठवल्या होत्या. तेव्हापासून शेठांची ताकीद होती, त्यांचं नाव यादीत नको. काका ऑफिसात आले की टोपी माझ्या टेबलावर ठेवून आधी तेच विचारायचे, "टाकलं काय माहं नाव?"

मी नकारार्थी मान हलवायची.

"असू दे. तू हायेस ना सोडाले."

यंदा ऐन हंगामात एका सकाळी अडवलेल्या मेलमध्ये काका नव्हते. फोनही नाही. मी ढीग पुन्हा चाळला. लॉटरी होती, केसांचं तेल होतं.

दुपारी शेठ म्हणाले, "त्यांची मेल पाहिली नाही का?"

पाहणार कशी? ती अडलीच नव्हती. शेठांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळी, बारीक अक्षरं. "शेठजी, तब्येत बरी नाही. नागपूरले नेऊन राह्यले. पोरगी याच पत्त्यावरून भाव पाठवीन. तिले सांभाळून घ्या."

नागपूरहून काकांना आणलं ते गाडीत झाकून. पेढीतले सगळे मातीला गेलो. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन स्पॅम पुसत बसले.

तेरवीनंतर त्यांच्या मुलीनं पहिला भाव पाठवला. सोबत तक्ता जोडलेला, पत्ता जुनाच. तक्ता बघून फिल्टरनं धरला. मी तो नेहमीसारखा सोडला नाही. शेठांपुढे जाऊन उभी राहिले.

"यादीत टाकू?"

शेठ म्हणाले, "आधी तिला पासवर्ड बदलायला लाव. आणि टाक."

पासवर्ड बदलला. पत्ता यादीत टाकला. त्या सकाळी अकराच्या आत तिचा पहिला सौदा झाला. तिची मेल आता माझ्याकडे येत नाही, सरळ शेठांकडे जाते.