बागेला दिलेला होकार

गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास मी पेडण्यात एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. आमच्या वाड्यालगतच्या, म्हणजे वस्तीलगतच्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरलं आणि पणजीहून एक साहेब आले. बाग लोकांना विचारूनच करायची, हा त्यांचा हट्ट. साहेबानं लोकांना विचारावं, हेच आम्हाला दशावतारापेक्षा मोठं नाटक! माझं काम एवढंच, की लोकांचा सभेत सहभाग कसा होता ते बघून साहेबांना सांगायचं.

सभा देवळाच्या मंडपात भरली. साहेबांचा आवाज काय वर्णावा! खर्जातला, घुमणारा. ते देवासमोर हात जोडून उभे राहिले आणि एकेक वाक्य बोलून थांबू लागले.

"इथे हिरवळ लावली जाईल..."

आता देवळात हात जोडून कोणी असं वाक्यावाक्याला थांबलं, तर पेडणेकराच्या तोंडून दुसरं काय निघणार? गाऱ्हाण्याला एक जण देवाकडे मागणं मांडतो आणि बाकीचे हुंकार भरतात, तोच हुंकार! खांबाशी डुलक्या घेणारे एक आजोबा दचकून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मग कोण थांबतंय? "भोवती कुंपण येईल." "व्हय म्हाराजा!" "मध्ये फुलझाडं..." "व्हय म्हाराजा!" मंडप नुसता पेटला. सगळ्यांत चढा आवाज अर्थात माझा.

साहेबांचे डोळे पाणावले. बाहेर पडताना म्हणाले, "इतका उत्स्फूर्त प्रतिसाद! तुम्हाला काय वाटतं?"

मी तोंड उघडणार, तोच पायरीवरून आवाज आला, "सायबा, माका कोणी इचारल्यान?"

ही आमच्या वाड्यावरची काकी. उकड्या तांदळासाठी लोकांचं भात उकडून, सुकवून द्यायचं, त्यावर तिचं घर चाले. भात सुके ते याच मोकळ्या जागेत. हिरवळीवर ते सुकत नाही. म्हणजे बाग झाली की काकीची चूल विझली.

साहेब गोंधळले. "पण सगळे हो म्हणाले ना?"

"ते देवाक म्हणतत. तुमका कोण म्हणता!"

तिच्याभोवतीच्या बाया खो खो हसल्या. मी साहेबांना गाऱ्हाण्याची रीत समजावली. साहेब आधी लाल झाले, मग मटकन पायरीवर बसले आणि पोट धरून हसू लागले. "म्हणजे मी देवाकडे बाग मागत होतो?"

"आणि अख्खा वाडा तुमच्या बाजूनं उभा होता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एकटेच जागेवर हजर. चटयांवर भात पसरलं होतं. काकीनं त्यांना बूट काढायला लावले, विजार दुमडायला लावली आणि पायानं भात परतायला लावलं.

"सरळ चल रे! नशा केलंस काय?"

तिचा 'सायबा' रात्रीतच 'रे' झाला होता. साहेब पाय घासत, रेघा ओढत चालले होते आणि विचारत होते, ऊन कुठवर पोचतं, पोरं कुठे खेळतात, बाया कुठे टेकतात.

रस्त्याकडेला कालचे हुंकारवाले जमले. "सायबा, थंय आंबो लायात!" "आंबो नाका, भातार सावळी पडतली!" काकी कडाडली. "मगे आमी बसाचा खंय?" "घरात बस, बायलेक मदत कर!" असं रण माजलं, की देवाची पालखी कोणी आधी उचलायची यावरूनही तसं माजलं नसेल.

साहेब खुशीत होते. "काल कोणीच भांडलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती," ते मला म्हणाले. असा माणूस मी कचेरीत पुन्हा पाहिला नाही.

बाग झाली. झाडं कडेकडेनं, आणि मधोमध शेणानं सारवलेलं खळं. उद्घाटनाला बडे पाहुणे आले, तेव्हाही तिथे काकीचं भात पसरलेलं होतं. पाहुणे थेट मधून निघाले. साहेबांनी लगबगीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"जरा कडेनं या. भात अजून ओलं आहे."