सहा भोकं आणि दोन जावा

साउंड कार्ड मी भोकं मोजून घेतलं. हसा, हसून घ्या. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची होते. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

नातीचं लग्न ठरलं होतं, आणि तेही पार बंगलोरला. नोकरी तिथे म्हणून हॉल तिथे, हळदही तिथेच. फोनवर म्हणाली, "आजी, डीजे मित्र बघतील. पण हळद लागताना मला धवलेच पाहिजेत, आणि तेही मोठ्या आजीच्या तोंडचे."

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या उरणकडच्या गावांत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, सांगणाऱ्या धवलारणीशिवाय लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. ती एकेका देवाला नाव घेऊन, गाण्यातून लग्नाला बोलावते आणि दुसरी बाई मागून तीच ओळ उचलते. आमच्यात जाऊ सांगणारी, मी उचलणारी. पण आता तिचे गुडघे असे झालेत की ओट्यावरून अंगणात उतरायचं म्हटलं तरी खांदा द्यावा लागतो. बंगलोर कसलं! निदान तिचा आवाज तरी जायला हवा होता. फोनवर भरून बघितला, तर बाई विहिरीत पडून गातेय की काय असं वाटलं.

"मी आहे ना," मी म्हटलं. "कम्प्युटरवर भरू."

मुलाचा जुना कम्प्युटर बाळंतिणीच्या पोरासारखा मांडीवर घेऊन मी रिक्षाने बाजारात गेले. दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक बाहेरून जोडायची साधी काळी पेटी, तिला माइकची दोनच भोकं आणि दोन बटणं. दुसरं आत बसवायचं कार्ड. त्याला लाल दिवा, आणि मागे रंगीबेरंगी सहा भोकं, गणपतीच्या आराशीत शोभतील अशी.

"काकी, रेकॉर्डिंग करणार असाल तर..." तो म्हणाला.

"सहावालं बसव," मी म्हटलं. "उद्या गल्लीतल्या बायका गायला आल्या तर एकेकीला एक भोक नको?"

त्याने कार्ड कम्प्युटरात बसवलं आणि दोन माइक बांधून दिले. गिऱ्हाईक हौशी असलं की दुकानदार कशाला जीव जाळील?

घरी आल्यावर दारंखिडक्या लावल्या, पंखा बंद केला. रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जात होते, दोन ट्रेलरांच्या मधे जेवढी शांतता मिळेल तेवढीच आपली. माझा माइक गुलाबी भोकात घातला, जावेचा हिरव्यात. हिरवं शुभ म्हणून. सकाळभर घाम गाळत गायलो. मग लावून ऐकलं.

मी होते. खणखणीत. आणि माझ्या मागे कुठेतरी, शेजाऱ्याच्या मच्छरदाणीत डास अडकावा तशी माझी जाऊ.

सहांतलं माइकचं भोक गुलाबी तेवढं एकच, आणि हिरव्यातून आवाज बाहेर जातो, हे मला नातीने फोनवर सांगितलं. सहा तोंडांचं कार्ड, आणि ऐकायला कान एक. "आई, घरात तू असताना दुसरं आणलंच कशाला?" असं मुलगा म्हणाला.

जावेने मात्र हसून घेतलं नाही. "माजा आवाज कुठं हाय यात?" तिने विचारलं. ती भिंत धरून उठली. "तुजाच पाठव. तसाबी लग्नांत लोकांना तुजाच ऐकू येतो."

ते लागलं मला. कारण खोटं नव्हतं. ओळ सांगायची तिने, आणि ती पुरी व्हायच्या आत मी उचलून पुढे धावायचे. मांडवात लोक माझ्याकडे बघायचे आणि मी आणखी ताणायचे. काय ते तारुण्य!

दुसऱ्या दिवशी कार्ड परत देऊन मुकाट्याने ती काळी पेटी आणली. जावेला मनवायला बोंबलाची चटणी करून नेली. चटणी खाल्ली तिने, पण रुसवा सोडला नाही. शेवटी म्हटलं, "नात तुझी वाट बघतेय, माझी नाही." तेव्हा उठली.

या पेटीत प्रत्येकीला आपला माइक आणि आपलं बटण. आवाज जास्त झाला की लाल दिवा लागायचा. जावेकडे हिरवा, माझ्याकडे सारखा लाल. मी माझं बटण फिरवत फिरवत इतकं खाली आणलं की दिवा बिचारा निवांत झाला. जाऊ देवांना बोलवत गेली, मी तिच्या मागून, तिची ओळ पुरी होऊ देऊन.

हळदीच्या दिवशी हॉलमध्ये डीजे थांबला आणि जावेचा आवाज लागला. नात पाटावर बसल्या बसल्या रडली, चेहऱ्यावरची हळद ओघळली. मी फोन उंच धरून घरी बसलेल्या जावेला सगळं दाखवत होते.

परत आले, तर जाऊ ओट्यावर माझीच वाट बघत बसली होती. मी विचारलं, "ऐकलंस ना?"

"ऐकला. इतक्या वर्सांत पयल्यांदा तू माज्या मागनं गायलीस. ती पेटी इकू नको हां, सैपाकघरात लाव, तुजा बटण असाच खाली ठेवून."