माझ्या नावाने लावलेली केबल

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत केबलला कनेक्टर लावत बसलो होतो. आईने खालून हाक मारली म्हणून उतरलो. फोनवर एका छापखान्याचे मालक होते.

"तुम्ही दोन महिन्यांपूर्वी लावून दिलेली केबल बंद पडलीय," ते म्हणाले. "एका कॉम्प्युटरवरचं दुसऱ्यावर दिसत नाही. उद्या येऊन जा."

मी म्हणालो, "काका, तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी धुळ्यात कुठल्याच छापखान्याचं काम केलेलं नाही."

"असं कसं? तुमचं कार्ड माझ्या हातात आहे." त्यांनी माझं नाव वाचून दाखवलं, वडिलांच्या नावासकट. मग डिप्लोमा, मग आमच्या घराचा पत्ता. "फोनसुद्धा कार्डावर बघूनच लावलाय. आणि उचललात तुम्हीच."

उद्या येतो म्हणालो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खानदेशात क्लासमध्ये, छापखान्यांत, एखाद्या डॉक्टरकडे कॉम्प्युटर दिसू लागले होते, पण दोन-तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देणारी माणसं फार नव्हती. तयार केबल आमच्याकडे मिळायची नाही. मुंबईहून केबलचं अख्खं खोकं आणायचं, कनेक्टरची पिशवी आणायची आणि लागेल त्या लांबीची केबल घरीच बनवायची. हे काम मी आणि माझा एक मित्र मिळून करायचो. डिप्लोमा माझा होता, म्हणून कार्ड माझ्या नावाने छापलं होतं. हात मात्र त्याचा चांगला होता.

या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या जोड्या पिळलेल्या. निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी, रंगीत पट्ट्याची सोबतीण. वरचं आवरण सोलायचं, पीळ सोडवायचा, तारा ठरलेल्या क्रमाने शेजारी शेजारी धरून सरळ कापायच्या आणि नखाएवढ्या पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवून पकडीत दाबायच्या. कट्ट असा आवाज आला की झालं. सगळं जग नारंगीपासून सुरू करतं. आम्ही निळ्यापासून करायचो. कारण माझ्या मित्राला रंग कळत नसत. नारंगी, हिरवा आणि तपकिरी त्याला सारखेच दिसायचे. "बठ्ठं वाळेल केळीच्या पानासारखं," तो म्हणायचा. म्हणजे सगळं वाळलेल्या पानाच्या रंगाचं. एक निळा तेवढा त्याला पक्का कळायचा. म्हणून आम्ही आमचा वेगळाच क्रम ठरवला होता. निळी जोडी तो स्वतः लावायचा आणि पुढच्या तारांचे रंग मी शेजारी बसून सांगायचो. दोन्ही टोकांना क्रम सारखा असला आणि जोड्या फुटल्या नाहीत, म्हणजे एका जोडीची तार दुसरीत गेली नाही, की केबल चालते. तो क्रम आम्हा दोघांखेरीज कुणी वापरत नव्हतं.

धुळ्याचा फोन आला तेव्हा माझ्या मित्राला जाऊन चौदा महिने झाले होते.

तो एका सकाळी घरातून निघाला तो परत आलाच नाही. आठव्या दिवशी तापीच्या काठावर त्याची पिशवी सापडली. आत दोन शर्ट, एक पक्कड आणि पाकीट. नदीत शोध घेतला, काही मिळालं नाही. धरणाचं पाणी सोडल्याने नदी चढलेली होती. त्याच्या घरच्यांनी पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, मीही पंगतीत वाढायला होतो. पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीजवळ त्याचा फोटो लागला. फोटोला हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेलो. पारोळा सोडल्यावर वारा असा तापला की सगळ्या बसने तोंडाला रुमाल बांधले. आग्रा रोडवरून आत वळल्यावर छापखाना सापडला. मालक वयस्क होते, सगळे त्यांना नाना म्हणत. मला बघून ते उठले नाहीत की चमकले नाहीत. ओळखीच्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले, "या. उन्हाचे आलात."

"नाना, मी पहिल्यांदाच येतोय."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या मुलीला हाक मारली. "काय गं, त्या दिवशी हेच होते ना? मी तर नाशिकला गेलो होतो."

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला उगाचच, परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

"हेच असावेत," ती म्हणाली. "तोंडाला रुमाल होता. पण चण हीच. पिशवीपण हीच."

मी खाली वाकून टेबलामागे गेलो. उंदराने केबल मधोमध कुरतडली होती. दोष एवढाच होता, पण मी टोकाचा कनेक्टर काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून तारा दिसत होत्या. पहिली पांढरी-निळी, दुसरी निळी.

मी दुसरं टोक काढलं. तिथेही तेच. पुढच्या सहा तारासुद्धा आमच्याच क्रमाने, एकही चूक नाही. तो गेलाय हे मी चौदा महिने धरून चाललो होतो. आणि ही केबल जेमतेम दोन महिन्यांची होती. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पुढच्या तारा त्याला एकट्याला जमल्याच नसत्या. त्याच्या शेजारी बसून कुणीतरी रंग सांगत होतं. माझ्या जागेवर कुणीतरी बसलं होतं.

मी नवी केबल बनवून लावली. दोन कनेक्टर वाया गेले. चहा आला. नाना सहज म्हणाले, "तुमच्या मिसेसना आता बरं आहे ना? त्यांना ताप होता म्हणून तुम्ही त्या दिवशी घाईत होतात, ही पोरगी सांगत होती."

माझं लग्न झालेलं नव्हतं.

"बरं आहे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

"कार्डावर जळगावचा पत्ता आहे, पण हल्ली शिरपूरला राहता म्हणे. कुठं? करवंद नाक्याच्या बाजूला ना?"

"हो," मी म्हणालो. "तिकडेच."

जळगावची गाडी न धरता मी शिरपूरची धरली. तापीच्या पुलावर बस आली तेव्हा खिडकीबाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. उन्हाळ्याची नदी, मधे वाळूचे पट्टे. त्यात कुणी बुडेल असं वाटत नव्हतं.

शिरपूरला उतरलो तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. दुकानं अर्धी बंद, रस्त्यावर माणूस नाही. नाक्यावर पानाच्या टपरीवाल्याला मी माझंच नाव सांगून विचारलं, हे कुठे राहतात. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "कॉम्प्युटरवाले ना? त्या पिठाच्या गिरणीमागे, हिरवं दार." माझ्या नावाचा माणूस या गावात होता, त्याला लोक ओळखत होते, त्याच्या दाराचा रंगसुद्धा सांगत होते. गिरणीपर्यंतच्या त्या रस्त्यावर मला माझ्या पायांचा आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू येत होता.

दार एका बाईने उघडलं. वय पंचविशीच्या आत. "कोण पाहिजे?"

मी माझं नाव उच्चारलं. "घरी आहेत का?"

"कामावर गेलेत. येतीलच इतक्यात. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

माझं नाव तर त्या घरात आधीच राहत होतं. मी माझ्या मित्राचं नाव सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. ती दार लावून घेणार होती, पण दार अर्ध्यावरच थांबलं. हळूच म्हणाली, "तुम्हाला माझ्या भावांनी पाठवलं का?"

मी खिशातून माझं कार्ड काढून तिला दिलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे तुम्ही ते खरे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

आत एकच खोली. जमिनीवर केबलचं भेंडोळं होतं आणि वर्तमानपत्रावर सोललेल्या तारा रंगाप्रमाणे ओळीने मांडून ठेवलेल्या. मी पाणी प्यालो. ती कोपऱ्यात उभी राहिली. मग बाहेरून कुणी शेजाऱ्याने माझ्या नावाने हाक मारली, आणि मी ओ देण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "हो भाऊ, आलो."

तो आवाज मी चौदा महिन्यांनी ऐकत होतो. जराही न अडखळता त्याने माझ्या नावाला ओ दिली होती.

तो आत आला, तोंडावरचा रुमाल सोडला आणि मला बघून खालीच बसला. वाळला होता. मिशी ठेवली होती. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याचा हात धरून बघावंसंही वाटत होतं, गरम आहे का ते. मी हात धरला. गरम होता.

ती फैजपूरकडच्या एका केळीच्या बागायतदाराची मुलगी. तिथल्या कॉम्प्युटर क्लासच्या कामाला तो काही रविवार एकटाच जायचा, तेव्हाची ओळख. त्याचं घर बौद्ध, तिच्या घरी ते चालणारं नव्हतं आणि तिचे भाऊ कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. मुलगी पळाली हे त्या घराने दाबून टाकलं, म्हणून आमच्याकडे जळगावात कुणाच्या कानावर आलं नाही.

"ती पिशवी?" मी विचारलं.

"मीच ठेवली. हिचे भाऊ आधी गुपचूप आमच्या घरी जातील हे माहीत होतं. आई खरंच रडताना दिसायला हवी होती. तिला सांगितलं असतं तर तिला रडता आलं नसतं."

हे त्याने अगदी सरळ आवाजात सांगितलं. ती बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आणि माझं नाव?"

"खोली बघायला आलो तेव्हा मालकाने नाव विचारलं. खिशात तुझी कार्डं होती. एक दिलं. मग ते तसंच चालू राहिलं."

"कार्डावर माझा फोन आहे."

"आहे ना," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज कुणीतरी तुला फोन करेल. रोज वाटायचं, नको करायला."

संध्याकाळच्या गाडीने मी परतलो. तिने मला दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या मी बसमध्ये खाल्ल्या, भूक नसताना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडे गेलो. ती ओट्यावर डाळ निवडत होती. मी आत चला म्हणालो. ती आत आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी काही सांगायच्या आधीच विचारलं, "जित्ता शे?"

मी मान हलवली. ती भिंतीला टेकून बसली. मी तिला सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा. ती रडली नाही. मधेच एकदा विचारलं, "पोर कशी शे?" मी म्हणालो, चांगली आहे, त्याला रंग सांगते. मग मी उठून फोटोचा हार काढायला हात वर केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे. हार काढा तर लोके इचारतीन."

पुढे कितीतरी महिने मी त्या घरी जायचो तेव्हा फोटोला ताजा हार असायचा. घरातल्या इतरांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती जिवंत मुलाच्या फोटोला फुलं वाहायची, गल्लीतून कुणी डोकावलं तर पदर डोळ्याला लावायची, आणि दर पंधरा दिवसांनी माझ्याजवळ हळूच एखादी लोणच्याची बरणी नाहीतर पापडाची पिशवी द्यायची. मी ती शिरपूरला पोचवायचो. पाहुण्यासारखा जायचो. त्या गल्लीत मी कोण, असं कुणी विचारलं तर तो माझ्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "भाऊ शे मना."

त्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती दोघं सुरतेला गेली. तिथे त्याने स्वतःचं नाव परत घेतलं. पहिल्या बाळंतपणाला आई तिकडे जाऊन आली, आणि आल्यावर फोटो उतरवून तिने ट्रंकेत ठेवला. तोवर त्या मुलीच्या भावांचा राग विझला होता की दमला होता, देव जाणे. कुणी आलं नाही.

शिरपूरची कामं माझ्याकडे आली. लोकांकडे कार्ड माझंच होतं. पहिलाच फोन एका जिनिंग फॅक्टरीतून आला. मी गेलो. ऑफिसात सगळीकडे कापसाची धूळ बसलेली होती. तिथले मॅनेजर कपाटातून वही काढून म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही बसवलं त्याच कॉम्प्युटरला पुन्हा त्रास आहे." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तब्येत सुधारली तुमची. मिशी काढलीत ते बरं केलं."

"हो," मी म्हणालो, "उन्हाळ्यात त्रास व्हायचा," आणि टेबलाखाली वाकलो. तार सोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय उत्तर दिलं होतं ते.